विश्लेषण : हिऱ्यांचं गाव वाळूत का बुडालं?

खोलीत कमरेपर्यंत वाळू, अर्धवट उघडा दरवाजा, भिंतीवर उडालेला निळा रंग. हे फोटो मोबाइलवर तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. खाली बहुतेक वेळा ‘भुतांचं गाव’ असं लिहिलेलं असतं. हे आहे नामिबियातलं कोलमन्सकॉप. कुनोत २०२२ मध्ये आलेले पहिले ८ चित्ते ज्या देशातले, तोच हा नामिबिया. फोटो सुंदर आहेत, पण त्यांत गावाची निम्मीच गोष्ट दिसते.

हिरा कुणाला सापडला?

१९०८ मध्ये हा भाग जर्मनीची वसाहत होता. लुडेरिट्झ बंदराजवळ रेल्वेमार्गावरची वाळू उपसताना झकेरियस लेवाला या मजुराला एक चमकता खडा दिसला. त्याने आधी किम्बर्लीच्या खाणीत काम केलेलं होतं, त्यामुळे हिरा ओळखायला त्याला वेळ लागला नाही. खडा त्याने साहेबाला, म्हणजे ऑगस्ट स्टाउख यांना दिला. स्टाउख यांनी जमिनीचे हक्क मिळवले आणि ते कोट्यधीश झाले. लेवालाला यातलं काहीच मिळालं नाही. (पुढे मंदीत स्टाउख यांचीही संपत्ती गेली, पण ती गोष्ट वेगळी.)

त्याच वर्षी जर्मन सरकारने ऑरेंज नदीपासून उत्तरेकडे, किनाऱ्यापासून १०० किलोमीटर आतपर्यंतचा पट्टा सामान्यांसाठी बंद केला. हिरे वाळूवरच पडलेले होते. मजूर रांगेने पोटावर सरपटत ते वेचायचे. पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे ५० लाख कॅरेट, म्हणजे जवळपास एक टन हिरे निघाले.

वाळवंटात बर्फ

या पैशावर गावात रुग्णालय आलं, एक्स-रे यंत्र आलं, नृत्यगृह आणि बर्फाचा कारखाना आला. पिण्याचं पाणी जहाजाने केपटाउनहून यायचं. इथे राहत होते काहीशे जर्मन, आणि त्यांच्यासाठी राबत होते उत्तरेकडून कंत्राटावर आणलेले सुमारे ८०० ओवाम्बो मजूर. पर्यटक आज ज्या घरांचे फोटो काढतात, ती या मजुरांची नव्हेत.

ज्या रेल्वेमुळे हिरा सापडला, तिचाही हिशेब आहे. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा समाजांचा नरसंहार केला. लुडेरिट्झच्या शार्क बेटावर छळछावणी होती. तिथल्या कैद्यांना या रेल्वेमार्गावर जुंपलं गेलं. जानेवारी १९०६ ते जून १९०७ या दीड वर्षात सुमारे २,००० कैद्यांपैकी १,३०० हून अधिक मेले. हे आकडे खुद्द जर्मनांच्या नोंदींतले आहेत. जर्मनीने या नरसंहाराची कबुली २०२१ मध्ये दिली आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देण्याची तयारी दाखवली. वंशजांच्या अनेक संघटनांना ते मान्य नाही, कारण वाटाघाटीत त्यांना बसवलंच नव्हतं. त्यांचा आक्षेप रास्त आहे.

मग गाव ओस का पडलं?

इथे भूगोल कामी येतो. हे हिरे मुळात दक्षिण आफ्रिकेच्या आतल्या भागातले. ऑरेंज नदीने ते समुद्रात नेले आणि लाटा-प्रवाहांनी किनाऱ्याने उत्तरेकडे ढकलले. त्यामुळे मोठे खडे नदीच्या मुखाजवळ राहिले, बारीक पुढे गेले. कोलमन्सकॉपच्या वाट्याला बारीक आले होते. १९२८ मध्ये मुखाजवळचे समृद्ध साठे सापडताच कंपनीचं लक्ष दक्षिणेकडे वळलं. १९५६ पर्यंत शेवटची माणसंही निघून गेली. वाळू रोज उपसायला कुणी उरलं नाही, इतकंच.

आज नामिबियातल्या हिऱ्यांच्या मुख्य कंपनीत सरकारचा निम्मा वाटा आहे, उरलेला निम्मा डी बीअर्सचा. ही वाटणी लेवालाच्या काळापेक्षा नक्कीच बरी. पण त्याच निर्बंधित पट्ट्यात आता सुमारे १० अब्ज डॉलरचा हरित हायड्रोजन प्रकल्प प्रस्तावित आहे. त्यात सरकारला २४ टक्के हिस्सा घेण्याची मुभा आहे. लुडेरिट्झ बंदराचा विस्तार शार्क बेटाकडे करण्याचीही योजना आहे. नामा संघटनांचा तिला विरोध आहे, कारण त्यांचे पूर्वज त्याच जमिनीत आणि त्याच पाण्यात आहेत. कंत्राटांवर सह्या होण्याआधी या संघटनांना चर्चेत जागा मिळायला हवी.