जंतांची वकिली जरा सबुरीने
‘जंत हेच औषध’ या पत्रात २००५ च्या आयोवातील प्रयोगाचा दाखला आहे. क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या २९ रुग्णांनी दर तीन आठवड्यांनी डुकराच्या चाबूककृमीची अडीच हजार अंडी प्यायली, बहुतेकांना आराम पडला, हे खरे. पण तुलनेला प्लासिबोचा गटच नव्हता! २०१३ मध्ये तो ठेवून २५० रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा अंडी फारशी सरस ठरली नाहीत. पत्रात याचा उल्लेखही नाही. दुसऱ्या एका चाचणीत नॉटिंगहॅमला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या त्वचेवर पट्टीखाली हुकवर्म या जंताच्या २५ अळ्या सोडल्या. खाज सुटली, एमआरआयचा मुख्य निकष मात्र हुकला. संशोधन चालू द्या. पण शाळेतली अल्बेंडाझोलची जंतनाशक गोळी मुलांना देऊ नका, हा पत्रातला सल्ला कशाच्या जोरावर? हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो, हे पत्रलेखक महाशय विसरले काय?
— एक वाचक, पुणे