पोरींना आधी पोहायला शिकवा

सुरतच्या लिंबायतमध्ये मी घरी साड्यांना लेस लावते. पावसाळ्यात मिठी खाडी फुगली की गल्लीत पाणी शिरतं. मशीन खाटेवर, साड्यांची गाठोडी माळ्यावर आणि पोरी सगळ्यांत वर. त्यांना खाली उतरू देत नाही, कारण एकीलाही पोहता येत नाही. मलाही नाही. डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो तरी मुलगे चिखल तुडवत पाण्याकडे धावतात आणि मुली चपला सांभाळत बसतात.

पण सगळ्याच जणी काठावर बसत नाहीत. ११ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या गेटवेपासून ‘त्रिवेणी’ ही पन्नास फुटी शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. तिन्ही दलांतल्या दहा जणी, पुढे सुमारे २६,००० सागरी मैल. प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर. सोबत मेजर ओमिता दळवी, कॅप्टन प्राजक्ता निकम. आमच्या अमळनेरकडे निकम आडनाव घरोघरी. धाकटीनं ती बातमी कापून मशीनच्या पेटीत ठेवली आहे.

याआधी २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींसह सहा जणींनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून २५४ दिवसांत फेरी पुरी केली. त्याच नौकेतून २०२४-२५ मध्ये नौदलातल्या दिलना आणि रूपा या दोघीच जगाला वळसा घालून आल्या. सहा जणींचं काम दोघींनी!

बाईच्या अंगात तेवढी ताकद कुठली, असं अजूनही ऐकते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब या जगाभोवतीच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत बायकांचा वेगळा गट नव्हता. एकेकट्यानं निघालेले सोळा जण. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, दुसरे आपले अभिलाष टॉमी. वाटेत एका स्पर्धकाची नौका बुडाली, तेव्हा कर्स्टननं आपली नौका तिकडे वळवून त्याला वाचवलं होतं.

पण ‘तारिणी’ आणि ‘त्रिवेणी’तल्या सगळ्या जणी गणवेशातल्या. सैन्यानं दार उघडलं, शिकवलं, नौका दिली. लिंबायतच्या पोरीसाठी दार कुठलं? माझं मागणं साधं आहे. पालिकेच्या शाळेतली प्रत्येक मुलगी सातवीपर्यंत पोहायला शिकली पाहिजे. शिकवायला बाई हवी, कपडे बदलायला आडोसा हवा, आणि वेळ अशी हवी की धुणंभांडी उरकून येता येईल. रंग रापेल, लग्न अडेल, हे आयांनी बोलणं बंद करावं. मीही बोलत होते.

लेसच्या पैशांतून पोहायचे दोन पोशाख आणले आहेत. एक धाकटीचा, एक माझा.