टीका या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'टीका' या शब्दाचे मोठे विचित्र झाले आहे. संस्कृतात टीका म्हणजे विवरण. ग्रंथाची गाठ सोडवून त्याचा अर्थ दाखवणे. 'भावार्थदीपिका' ही ज्ञानेश्वरांची गीतेवरील टीका होय, असे आपण वर्गात सांगतो, तेव्हा ज्ञानेश्वरांनी गीतेला नावे ठेवली असे कोणाच्या मनात येत नाही. वर्गाबाहेर पडताच मात्र टीका म्हणजे दोष काढणे, एवढाच अर्थ उरतो. या दोन अर्थांमधले अंतर आम्हांस एका अनपेक्षित ठिकाणी स्पष्ट दिसले. ते ठिकाण म्हणजे एक फोन.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे रोबोटिक्स शिकणाऱ्या केन पिलोनेल या विद्यार्थ्याने २०२१ साली ॲपलचा आयफोन एक्स उघडून त्याचे लाइटनिंग पोर्ट काढले आणि तेथे यूएसबी-सी पोर्ट बसवले. लाइटनिंग हे ॲपलने २०१२ साली आणलेले स्वतःचे पोर्ट. इतरांच्या केबली त्यात चालत नाहीत. गंमत अशी की, याच कंपनीने २०१५ साली आपल्या मॅकबुकला आणि २०१८ साली आयपॅड प्रोला यूएसबी-सी दिले होते. आयफोन तेवढा मागे राहिला होता. पिलोनेलचे काम भोक मोठे करून नवा तुकडा चिकटवण्याइतके सोपे नव्हते. लाइटनिंगच्या जोडणीत एक चिप असते आणि ती फोनशी संकेतांची देवाणघेवाण करते. ही भाषा उलगडायची, तिच्यासाठी स्वतःचे सर्किट रचायचे आणि ते फोनच्या पोटात मावेल इतके लहान करायचे, असा तो उद्योग होता. अखेर त्या फोनमध्ये वीजही जाऊ लागली आणि माहितीचीही ये-जा होऊ लागली.

यावर जगभरातून प्रतिक्रिया उमटल्या. कौतुक पुष्कळ झाले. पण त्याच्या जोडीला एक ओळखीचा प्रश्नही आला : याचा उपयोग काय? यूएसबी-सीच हवे तर ॲन्ड्रॉइडचा फोन घ्यावा, तेथे ते कित्येक वर्षांपासून आहे. चांगल्या फोनची मोडतोड कशाला? हा प्रश्न मूर्खपणाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो रास्तच आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने तो जरा कान देऊन ऐकावा, कारण तो त्याने घरीदारी शंभरदा ऐकलेला असतो. कवितेचा अर्थ लावून उपयोग काय, कविता आहे तशी वाचावी की!

दुसरी प्रतिक्रिया पैशांची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो फोन लिलावात ८६,००१ डॉलरना विकला गेला. विक्रीला अटी होत्या : घेणाऱ्याने तो रोजच्या वापरात आणू नये, त्यातील प्रणाली अद्ययावत करू नये किंवा पुसू नये आणि तो उघडू नये. नाजूक नमुना जपण्यासाठी अशा अटी समजण्यासारख्या आहेत. त्याबद्दल पिलोनेलला दोष देण्याचे कारण नाही. तरीही त्यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. ज्या वस्तूचे सारे मोल ती उघडली गेली यात होते, ती यापुढे न उघडण्याच्या बोलीवर विकली गेली. आपल्याकडे पोथी रेशमी वस्त्रात बांधून देव्हाऱ्यात ठेवतात, हळदकुंकू वाहतात आणि वाचत मात्र नाहीत. तशातलीच ही गत झाली.

म्हणजे एका बाजूला 'कशाला' म्हणून नाक मुरडणारे आणि दुसऱ्या बाजूला दुर्मीळ वस्तू म्हणून बोली लावणारे. दोघांचीही नजर वस्तूवर खिळलेली. पण पिलोनेलने वस्तूखेरीज आणखी एक गोष्ट केली होती. आपण काय केले, कसे केले, कोठे अडलो, हे त्याने सविस्तर दाखवले आणि सर्किटाचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. पोथी एकाच्या घरी गेली. टीका मात्र सर्वांची झाली. आमच्या मते त्याचे खरे काम हे आहे, आणि ते मूळ अर्थाने टीकेचे काम आहे.

याची खूण पुढच्याच वर्षी पटली. एप्रिल २०२२ मध्ये त्याने उलटा प्रयोग केला : सॅमसंगच्या एका ॲन्ड्रॉइड फोनला लाइटनिंग पोर्ट बसवले. उपयोगाच्या कसोटीवर हा शुद्ध वेडेपणा, आणि तो थट्टेनेच केलेला होता. पण विडंबन लिहायचे तर मूळ कवितेची चाल अंगात मुरलेली असावी लागते. ज्याला लाइटनिंग कळले, त्यालाच ते परक्या घरी नेऊन बसवता येते.

पुढे कायदा आला. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्येच सामाईक चार्जरचा प्रस्ताव मांडला होता. एकाच पोर्टची सक्ती नव्या शोधांना मारक ठरेल, असा ॲपलचा आक्षेप होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेने तो कायदा संमत केला, सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ यूएसबी-सीसह बाजारात आला आणि डिसेंबर २०२४ अखेरपासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना हे पोर्ट बंधनकारक झाले. हे एका विद्यार्थ्यामुळे घडले असे मुळीच नाही. उलट, आता त्याच्या फोनचे नावीन्य ओसरले, मग ती खटपट वाया गेली का, असे कोणी विचारू शकेल.

आमचे उत्तर 'नाही' असे आहे. कायद्याने पोर्ट बदलले. पण फोन त्याच्या मालकाला उघडता यावा, समजून घेता यावा, हा प्रश्न पोर्ट बदलल्याने सुटत नाही. वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिच्या आत काय चालते हे आपल्याला ठाऊक नसते आणि ते विचारण्याचे धाडसही आपल्याला होत नाही. पुस्तकांचेही तसेच आहे. नेमलेले पुस्तक विद्यार्थ्याच्या हातात असते. ते उघडण्याचे काम मात्र मार्गदर्शकावर सोपवलेले असते. परीक्षेत उतरवायला अर्थ तयार मिळतो, आणि तो कसा लावला हे कोणी दाखवत नाही.

शिक्षक म्हणून आमची अडचण येथे आहे. आम्ही वर्गात पुष्कळदा निष्कर्ष विकतो, आराखडे देत नाही. कवितेचा अर्थ सांगतो. तो लावताना कोठे अडलो, कोणती वाट चुकलो, हे झाकून ठेवतो. मग विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकाला नावे ठेवणे किंवा त्याची पूजा करणे, एवढेच उरते. टीका या शब्दाचा जुना अर्थ परत आणायचा असेल, तर आरंभ आमच्याच टेबलापासून व्हायला हवा.