डब्याला दोष देण्याआधी



सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवावे, ऑपरेशन नीट पार पडावे आणि सहाव्या दिवशी पाण्यासारखे जुलाब सुरू व्हावेत. शेजारच्या कॉटवरची बाई विचारते, "काल डबा कुणी आणला होता?" आणि सगळे सुनेकडे बघतात. बिचारी पहाटे उठून मऊ भात करून, दोन बस बदलून आलेली असते. दवाखान्यात दोन-तीन दिवस काढल्यावर सुरू झालेले जुलाब पुष्कळदा डब्यातून आलेले नसतात. ते दवाखान्यातच लागलेले असतात.

असे जुलाब लावणाऱ्या जंतूंत फार चिवट एक आहे. डॉक्टर त्याला 'सी. डिफ' म्हणतात. आपल्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जंतू राहतात व ते वाईट जंतूंना थारा देत नाहीत. जखम पिकू नये म्हणून दिलेले अँटिबायोटिक त्यांनाही मारते. मग रिकाम्या जागेत हा पथारी पसरतो, विष सोडतो आणि आतडे सुजते. औषध बंद झाल्यावरही दोन-तीन महिने धोका राहतो. म्हाताऱ्या माणसांना जास्त.

हा जंतू टणक कवच करून बीजासारखा पडून राहतो. कॉटचा दांडा, बेडपॅन, संडासाची कडी यांवर महिनोन्महिने! हाताला चोळायचे स्पिरिटसारखे औषध याला मारत नाही. साबणही मारत नाही, पण वाहत्या पाण्याबरोबर तो हातावरून निघून जातो. फरशी नुसत्या फिनेलने पुसून भागत नाही. क्लोरीनचे, म्हणजे ब्लीचिंगच्या जातीचे, द्रावण लागते.

हे सारे नियम कागदावर असूनही काय होते ते इंग्लंडमध्ये दिसले. केंट परगण्यातील मेडस्टोन व टनब्रिज वेल्स भागातल्या सरकारी रुग्णालयांत 2004 ते 2006 या काळात या जंतूने सुमारे 90 जणांचा बळी घेतला. 2007 च्या चौकशी अहवालात आले की कॉट एकमेकांना खेटून होत्या, नर्सेस अपुऱ्या होत्या, आणि संडासला न्या म्हणणाऱ्या काही पेशंटना "अंथरुणातच करा" असे सांगितले गेले. श्रीमंत देशातली ही गोष्ट! त्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये 8,324 मृत्यूंच्या दाखल्यांवर या जंतूचे नाव होते. पुढे अँटिबायोटिकवर लगाम घातला, जुलाबाचा पेशंट वेगळा ठेवला, सफाई कडक केली. 2012 साली हा आकडा 1,646 वर आला. नवे जादूचे औषध त्यासाठी लागले नाही.

म्हणून आपला माणूस दाखल असेल आणि दिवसात तीन वेळा पातळ झाले तर लाजू नका, सिस्टरना लगेच सांगा. शौचाची तपासणी होईल का आणि चालू असलेले अँटिबायोटिक अजून हवेच आहे का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. आपण होऊन मात्र ते बंद करू नका. जुलाब थांबवायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नका. त्याने आतड्याचे दुखणे बिघडू शकते. अशा पेशंटला वेगळी खोली, निदान वेगळा संडास वा बेडपॅन हवा. जुलाब थांबल्यावरही किमान दोन दिवस ही काळजी सोडू नये. आपल्याकडे एका कॉटवर एक व खाली एक अशी गर्दी असते तिथे हे कठीण आहे, पण मागितल्याशिवाय तर मिळणारच नाही. जाता-येता साबणाने हात धुवा. वॉर्डात साबण नसेल तर पिशवीत वडी ठेवा. कॉटवर बसून जेवू नका.

आणि आपल्यातले कितीतरी जण दवाखान्यात आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार आहेत. बेडपॅन उचलणाऱ्या हाताला रबरी मोजे नि अंगाला एप्रन मिळालेच पाहिजेत. ती कुणाची मेहेरबानी नव्हे, नियमच तसा आहे. मोजे काढल्यावरही हात धुवावेत. मोजे मिळत नसतील तर एकट्याने भांडू नका, युनियनमार्फत लेखी मागा.

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. महिन्याभराने पोट बिघडले तर तेच कार्ड घेऊन जा आणि कोणते अँटिबायोटिक, किती दिवस घेतले, ते डॉक्टरांना दाखवा.