एकाच हिरोवर किती दिवस?

९ नोव्हेंबर २०२५ रोजी चीनमधल्या चेंगडू शहरात ‘लीग ऑफ लेजंड्स’ची जागतिक अंतिम लढत पाचव्या डावापर्यंत ताणली गेली. टी-वन आणि केटी रोल्स्टर हे दोन्ही संघ कोरियाचेच. टी-वनने ३-२ अशी बाजी मारली, सलग तिसरं जगज्जेतेपद मिळवलं आणि बातम्या साहजिकच त्याच्याच झाल्या. मला त्या लढतीतली दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पाच डावांत दोन्ही संघांच्या दहा खेळाडूंनी मिळून ५० पात्रं खेळली आणि त्यातलं एकही दुसऱ्यांदा आलं नाही. हा योगायोग नव्हता, नियमच तसा होता. ‘फिअरलेस ड्राफ्ट’ नावाच्या या नियमात, लढतीच्या एका डावात कुणीही निवडलेलं पात्र उरलेल्या सगळ्या डावांसाठी दोन्ही संघांना बाद होतं. हा नियम २०२५च्या सुरुवातीला पहिल्या टप्प्यापुरता आणला गेला, मग वर्षभरासाठी कायम झाला. पाचव्या डावाची निवड सुरू होते तेव्हा ४० पात्रं आधीच गेलेली असतात, शिवाय दोन्ही संघ मिळून आणखी दहांवर बंदी घालतात. एवढं वजा करून जे उरेल त्यातून संघ उभा करायचा. आपल्याकडच्या कॉलेजांच्या आणि स्थानिक स्पर्धांनीही हा नियम उचलावा, असं माझं म्हणणं आहे. प्रेक्षकांची करमणूक वाढते हे त्याचं कारण नव्हे. या खेळात ज्याला कौशल्य म्हणायचं त्यातला मोठा भाग एकाच पात्राला चिकटून बसलेल्याला मिळतच नाही, हे आहे.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच विरुद्ध पाच. नकाशावर तीन वाटा, त्यांना लेन म्हणतात. मध्ये जंगल, दोन टोकांना दोन तळ. वाटेतले मनोरे पाडत समोरच्याच्या तळाचा गाभा फोडायचा. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. ‘डोटा’ या याच प्रकारच्या दुसऱ्या खेळात त्याला हिरो म्हणतात, ‘लीग’मध्ये चॅम्पियन. प्रत्येकाकडे साधारण चार हुकमी शक्ती आणि प्रत्येकाची खेळायची तऱ्हा निराळी. ‘डोटा २’मध्ये असे सव्वाशेच्या आसपास हिरो आहेत, ‘लीग’मध्ये १७०च्या आसपास. नवा पोरगा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात भारी हिरो कोणता? कुणीतरी नाव सांगतं, यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ सापडतात, महिन्याभरात तो ‘मी अमक्याचा मेन’ असं सांगायला लागतो, आणि पुढची दोन वर्षं तेच चालतं.

यात बिघडलं काय? साधा हिशेब करा. मैदानात दहा हिरो असतात आणि त्यातला एकच तुमच्या हातात असतो. उरलेले नऊ तुम्हाला फक्त बाहेरून दिसतात. ‘डोटा’तला पज घ्या. हा ढेरपोट्या खाटीक लांबून सरळ रेषेत आकडा फेकतो, आकड्यात सापडलेल्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि मग सोडत नाही. ज्याने पज कधी खेळलाच नाही त्याला हा आकडा म्हणजे आभाळातून पडलेलं संकट वाटतं. झाडीतून काहीतरी येतं आणि आपण मरतो. पजचे वीस-पंचवीस डाव खेळलेल्याला मात्र माहीत असतं की आकडा वाटेत जो पहिला सापडेल त्यालाच धरतो, मग तो वाटेवरून आपोआप चालत येणारा फुटकळ शिपाई का असेना. त्यामुळे शिपायांच्या ओळीमागे उभं राहिलं की निम्मं काम झालं. सुरुवातीला पजकडे मॅना, म्हणजे शक्ती वापरायचं इंधन, इतका बेताचा असतो की दोन आकडे फुकट गेले की तो जवळपास कोरडा पडतो, हेही त्याला माहीत असतं. आकडा हुकला की पुढचे काही सेकंद आपले, तेव्हा पळायचं नाही, उलट अंगावर जायचं, हेसुद्धा. ही माहिती लिहिलेली सगळीकडे मिळते. पण वाचलेली माहिती आणि त्या अर्ध्या सेकंदात पायाला सुचलेली गोष्ट यांत फरक असतो, आणि तो फरक पजच्या जागी उभं राहिल्याशिवाय भरून निघत नाही. कबड्डीत हे जुनंच आहे. ज्या चढाईपटूने कधीकाळी कोपऱ्यात उभं राहून पकडी केल्या आहेत, त्याला समोरच्या कोपऱ्यातला गडी कधी झेपावणार हे त्याच्या खांद्यावरून कळतं.

शत्रूपक्षाचं जे, तेच आपल्या चार सोबत्यांचं. संघासाठी नकाशावर वॉर्ड लावून उजेड करणारा सपोर्ट हा या खेळातला सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस. पैसा त्याच्याकडे कमी, मरतो तो वारंवार, आणि मोठ्या मारामाऱ्यांचं श्रेय जातं कॅरीला, म्हणजे संघाच्या मुख्य लढवय्याला. नेहमी कॅरीच खेळणाऱ्याला तो कुचकामी वाटतो. त्याच कॅरीवाल्याला महिनाभर सपोर्टला बसवा. एक वॉर्ड लावायला शत्रूच्या जंगलात एकट्याने जावं लागतं आणि परत येण्याची हमी नसते, हे त्याला तिथे कळेल. चॅटमधली शिवीगाळ थांबवायला कंपन्यांनी तक्रारीची बटणं दिली, खाती बंद केली. भूमिका बदलून खेळायला लावणं हा उपाय त्यांच्यापेक्षा स्वस्त आहे, आणि माझ्या मते जास्त लागूही पडेल.

या वादात सगळ्यात बोलका पुरावा यंत्राने दिलेला आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजू तो आपलाच म्हणून सांगतात. ओपन-एआय या कंपनीने ‘डोटा २’ खेळणारी एक प्रणाली तयार केली होती. दहा महिन्यांत तिने स्वतःशीच खेळून माणसाच्या ४५ हजार वर्षांइतका सराव केला. एप्रिल २०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिने ओजी या तेव्हाच्या जगज्जेत्या संघाला २-० असं हरवलं. नंतर ती सर्वांसाठी खुली केली, तेव्हा सात हजारांवर डाव जिंकून ती फक्त ४२ हरली. एकाच हिरोचे भक्त म्हणतात, बघा, थोडंच पण पक्कं केलं की जगज्जेतेही गार होतात. कारण त्या प्रणालीला फक्त १७ हिरो येत होते आणि ओजीलाही त्याच १७मधून निवडायला लावलं होतं. पण नेमकी मेख तिथेच आहे. १७ हिरोंमधून पाच-पाचांचे दोन संघ सुमारे ४९ लाख प्रकारे जुळवता येतात. त्या वेळी खेळात ११७ हिरो होते, आणि त्या सगळ्यांचा हाच हिशेब केला तर उत्तर सतरा अंकी येतं. म्हणजे यंत्राने खेळ जिंकला, पण आधी खेळाची यादी छाटून. त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याच ओजीने शांघायमध्ये पूर्ण यादीसह झालेली ‘द इंटरनॅशनल’ जिंकली आणि ही स्पर्धा दोनदा जिंकणारा पहिला संघ ठरला. त्या स्पर्धेत त्यांच्या कॅरीने आयो खेळून दाखवला. आयो म्हणजे दुसऱ्याला दोरीने बांधून घेऊन त्याला बळ पुरवणारा, तोवर निव्वळ मदतनीस समजला जाणारा हिरो. समोरचे संघ बंदीच्या यादीत काय लिहावं याच विचारात पडले. एप्रिलमध्ये हरलेल्या संघाचं सामर्थ्य ऑगस्टमध्ये कुठून आलं, याचं उत्तर मला तरी त्या यादीच्या लांबीतच दिसतं.

आता खरा आक्षेप, आणि तो हलका नाही. ‘लीग’च्या रँकच्या शिडीवर अगदी वरच्या पायऱ्यांवर एकच चॅम्पियन खेळणारे लोक आहेत, त्यांना वन-ट्रिक म्हणतात. हजारो डाव एकाच पात्रावर घालून त्यांनी असे बारकावे कमावलेले असतात की व्यावसायिक खेळाडूही त्यांचे व्हिडिओ बघतात. काही पात्रं तर एवढी मेहनत मागतातच. ‘डोटा’तला इन्व्होकर तीन गोळ्यांच्या जुळण्यांतून दहा मंत्र बनवतो, तो आठवड्यात येत नाही. ‘फेकर’ या नावाने जगभर ओळखला जाणारा ली सांग-ह्योक २०१३मध्ये गाजला तोही झेड या एका मारेकऱ्यामुळेच. कोरियातल्या अंतिम सामन्याच्या निर्णायक डावात दोन्ही बाजूंनी झेडच होता आणि ज्याला तो जास्त कळला होता तो जिंकला. खोली लागते, यात वादच नाही. पण वन-ट्रिकचं यश कशावर उभं आहे तेही पाहा. शिडीवर समोरच्या पाच जणांना तुम्ही कोण हे माहीत नसतं. त्यांनी घातलेली बंदी तुम्हाला उद्देशून नसते, तुमचा हिरो त्यात गेला तर ते निव्वळ नशीब. स्पर्धेत उतरलात की नाव फळ्यावर लागतं, जुने डाव बघितले जातात आणि पहिली बंदी तुमच्या लाडक्या हिरोवर पडते. शिडीवर एवढे वन-ट्रिक असताना व्यावसायिक संघांत ते औषधालाही का सापडत नाहीत, याचं कारण हे आहे. फेकरने पुढच्या वर्षांत स्पर्धांतून ८०हून अधिक चॅम्पियन खेळले. २०२४च्या लंडनमधल्या अंतिम फेरीत निर्णायक पाचवा डाव त्याने गॅलिओवर खेळला. गॅलिओ म्हणजे सोबत्यांच्या मदतीला झेप घेणारा दगडी रखवालदार, झेडच्या अगदी उलट स्वभावाचा. एका पात्रावर तो अडकला असता तर सहा जगज्जेतेपदं सोडाच, बारा वर्षं संघात टिकलाही नसता. शिवाय ‘लीग’मध्ये साधारण दर दोन आठवड्यांनी पॅच, म्हणजे फेरबदलांचा हप्ता, येतो. एखाद्या शक्तीने होणारं नुकसान थोडं घटवलं, ती पुन्हा वापरण्याआधीचा थांबा (कूलडाऊन) दोन सेकंदांनी वाढवला की कालचा राजा आज रंक होतो.

दुसरा आक्षेप शिष्टाचाराचा आहे. रँकच्या डावात पहिल्यांदाच एखादा हिरो हातात घेणारा माणूस उरलेल्या चौघांची चाळीस मिनिटं वाया घालवतो. अगदी बरोबर, आणि तसं करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण प्रयोगासाठी जागा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. ‘लीग’मध्ये अराम हा एकाच लेनचा प्रकार आहे, तिथे चॅम्पियन चिठ्ठी टाकल्यासारखा वाट्याला येतो आणि हरलं तरी रँक जात नाही. ‘डोटा’त टर्बो हा झटपट प्रकार आहे, संगणकाच्या बॉटविरुद्धचे डाव आहेत. शिवाय सगळे हिरो सारखेच यायला हवेत असं कुणी म्हणत नाही. चार-पाच हिरो पक्के, दोन तरी भूमिकांत विभागलेले, आणि उरलेल्यांशी तोंडओळख एवढं हौशी खेळाडूला पुरे. तोंडओळख म्हणजे काय? त्याच्या चार शक्ती कोणत्या, त्यातली कोणती चुकली की तो उघडा पडतो, आणि कितव्या मिनिटाला तो डोईजड होतो, हे स्वतः खेळून कळलेलं असणं.

तिसरा संशय असा की नवे हिरो खेळायला सांगणं म्हणजे कंपनीचा गल्ला भरणं. ‘लीग’मध्ये चॅम्पियन खेळून किंवा पैसे मोजून मोकळे करावे लागतात, तेव्हा हा संशय अगदीच निराधार नाही. पण ‘डोटा २’मध्ये पहिल्या दिवसापासून सगळे हिरो फुकट आहेत, पैसे जातात ते कपड्यालत्त्यावर. हिरो कुलूपबंद ठेवणं हा धंद्याचा निर्णय आहे, खेळाची गरज नव्हे. आयोजकांनी कंपन्यांकडे स्पर्धेपुरती सगळी पात्रं खुली करून मागावीत. मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.

आपल्याकडे हे सगळं बोलायची वेळ आत्ताच आहे. एप्रिल २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन या स्पर्धेच्या निमित्ताने परदेशी ‘डोटा’ संघ खेळून गेले. २०२०मध्ये ‘मोबाइल लेजंड्स’वर बंदी आली आणि फोनवर या प्रकाराला लागलेला मोठा प्रेक्षकवर्ग पांगला. तरीही २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या ‘डोटा २’ संघाने कांस्यपदक आणलं. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं आणि २०२५च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळं काढलं. आता हा खेळ म्हणून मोजला जाणार असेल तर त्यात काय मोजायचं हेही ठरवायला हवं. कॉलेजच्या महोत्सवांत स्पर्धा भरतात त्या बहुतेक एका डावाच्या बाद पद्धतीने. वेळ कमी, संगणक कमी, संघ भरपूर. तिथे हा नियम चालणार नाही, कारण एकाच डावात पुन्हा निवडण्याचा प्रश्नच येत नाही. पण उपांत्य फेरीपासून तीन डावांची लढत ठेवणं कुठल्याही आयोजकाला जमण्यासारखं आहे. तीन डाव म्हणजे जास्तीत जास्त ३० हिरो, प्रत्येक खेळाडूला तीन. सॉफ्टवेअरमध्ये सोय नसली तरी अडत नाही. पंचाने कागदावर नावं लिहावीत आणि पुढच्या डावाआधी दोन्ही कर्णधारांची त्यावर सही घ्यावी. तीन हिरो येत नाहीत म्हणून एखादा संघ हरला तर आयोजकांकडे तक्रार जाईल, हे नक्की. ती ऐकून घ्यावी आणि पुढच्या वर्षीही नियम तोच ठेवावा.