तक्रार मागे घेतली जाते तेव्हा

नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्यातील एका पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला होता. जोडीदार आपल्याला मारहाण करतो व जिवे मारण्याची धमकी देतो, असे तिने त्यात नमूद केले होते. पुढे तिने ती तक्रार मागे घेतली आणि प्रकरण मिटले, असे समजले गेले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडिलांच्या तक्रारीवरून वसईत ती बेपत्ता असल्याची नोंद झाली. येथील पोलिसांच्या चौकशीचे धागे दिल्लीपर्यंत पोहोचले आणि नोव्हेंबरमध्ये दिल्ली पोलिसांनी तिच्या जोडीदारास अटक केली. त्याच्या अपराधाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो त्या मागे घेतल्या गेलेल्या अर्जाचा.

एकाच यंत्रणेची दोन रूपे या घटनेत दिसतात. व्यक्ती बेपत्ता झाल्यावर तिचा माग काढणारे पोलीस आपल्याकडे आहेत. परंतु व्यक्ती जिवंत असताना तिच्या भीतीचा माग काढणारी व्यवस्था मात्र दुबळी आहे. मारहाण सोसणारी स्त्री तक्रार मागे घेते, तेव्हा तिची भीती संपलेली असतेच असे नाही. पुष्कळदा ती वाढलेली असते. अशा वेळी कागद बंद करण्यापूर्वी तिला एकांतात विश्वासात घेऊन विचारले गेले पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याचे पद निर्माण केले, ते याच कामासाठी.

मीरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी अस्तित्वात आले. त्यापूर्वी वसई तालुका पालघरच्या, तर मीरा-भाईंदर ठाण्याच्या ग्रामीण पोलिसांकडे होता. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. शेतीवाडीचा हा परिसर पाहता पाहता महानगराचा भाग झाला. शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला, तेव्हा जुन्या रचनेवर पडलेला ताण सर्वांनी अनुभवला. आयुक्तालय ही काळाची गरज होती. परंतु इमारती व अधिकारी वाढल्याने पीडिताचे दुःख आपोआप हलके होत नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या संदर्भात प्रत्येक भाविकाने समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते. गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नाही’ असे सांगून कोणाला परत पाठवता येत नाही. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारली गेली, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. तपास कोठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे.

गुन्हेगार सापडला नाही तरी पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिड हल्ला यांना बळी पडलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. अशा पीडितांवर सरकारी तसेच खासगी रुग्णालयांनी विनामूल्य उपचार केले पाहिजेत, असेही कायदा सांगतो.

पीडिताला आधार देणे ही तपास आटोपल्यावर करावयाची दया नव्हे. तो तपासाचाच भाग आहे. एकाकी पडलेली फिर्यादी स्त्री जबाब बदलते, धास्तावलेला साक्षीदार फितूर होतो आणि मेहनतीने उभा केलेला खटला कोसळतो. यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती सर्व राज्यांना लागू केली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. लुटारूंना पकडावे हे योग्यच. पण जखमा बांधणारा कोणी थांबलाच नसता, तर साक्ष द्यायला तो माणूस तरी उरला असता काय?

पोलिसांकडे बोट दाखवताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’, ‘फादरांना सांगून समेट करू’, ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे’ अशी वाक्ये आपल्या धर्मग्रामांत आजही कानी पडतात. समेट ही पवित्र गोष्ट आहे. परंतु गुन्हा झाकण्याचे ते साधन होऊ शकत नाही. बालकांच्या बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, आणि ती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शाळा, वसतिगृहे व धर्मग्रामे चालवणारे आम्ही धर्मगुरू व धर्मभगिनी याला अपवाद नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये दिलेल्या व २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांतही देशाच्या कायद्याने लादलेले कर्तव्य अबाधित ठेवले आहे. चर्चची कीर्ती जपण्यासाठी एखाद्या बालकाचे अश्रू लपवले गेले असतील, तर ती कीर्ती प्रभूपुढे कवडीमोल आहे.

मग धर्मग्रामाने काय करावे? बलात्काराच्या गुन्ह्यात पीडित स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यावा. आईवडील, पालक, जवळचे नातलग किंवा परिसरातील समाजसेवक त्या वेळी उपस्थित राहू शकतात. आपल्या महिला मंडळातील दोन-तीन जाणत्या भगिनींनी या कामाची माहिती करून घेतली, तर किती घरांना धीर येईल! धर्मग्रामातील एखाद्या वकिलाने महिन्यातून एक सायंकाळ दिली, तर विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज भरणे कोणाला जड जाणार नाही. ११२ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर असावेत. तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात पीडिताशेजारी कोणीतरी आपले माणूस बसलेले असावे.

पोलिसांसाठी आपण प्रार्थना करतो, ती अवश्य करीत राहू. मात्र यापुढे एखादी लेक तक्रार मागे घेऊन ठाण्याची पायरी उतरेल, तेव्हा खाली तिची वाट पाहणारे कोणी असावे, एवढी जबाबदारी तरी आपण स्वीकारू या.