नानीच्या डोळ्यांचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत आमची भाची भवानीनगरला आली, ती लॅपटॉप घेऊनच. पुण्यात ॲनिमेशन शिकते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे येऊ लागल्या होत्या आणि ही ओसरीवर बसून डोळे काढत होती. माणसाचे नव्हे, अवताराचे.

"काय अवतार करून ठेवलायस!" हे आम्ही वर्गात रोज म्हणतो, हा अवतार वेगळा. अमेरिकेतल्या लिंडेन लॅब या कंपनीने 2003 साली सेकंड लाइफ नावाचे आभासी जग सुरू केले. तिथे प्रत्येकाला एक शरीर मिळते, तो त्याचा अवतार. त्याचे कपडे, केस, त्वचा, डोळे वापरणारेच बनवतात आणि एकमेकांना विकतातही. डोळ्यासाठी एक चौकोनी चित्र करायचे, संगणक ते गोळ्यावर चढवतो.

भाचीला मिळालेले तयार तपकिरी डोळे म्हणे चहाच्या डागासारखे सपाट होते. तिला हवे होते आमच्या अम्मींचे, म्हणजे तिच्या नानीचे डोळे. तिने अम्मींना दारातल्या उन्हात बसवले, मोबाइल अगदी जवळ नेला आणि फोटो काढला. तोच कापून अवताराला लावायचा, जमला तर विकायलाही ठेवायचा, असा बेत.

आम्ही म्हणालो, "थांब. ही नानीची सही आहे."

आपल्या आधारमध्ये दहा बोटांच्या ठशांबरोबर दोन्ही बुबुळांची नोंद असते. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधारची सुरुवात झाली, ती याच नोंदींनी. ते यंत्र बुबुळ वाचते इन्फ्रारेड प्रकाशात, त्यामुळे मोबाइलच्या फोटोवर उद्याच कोणी अम्मींचे रेशन उचलेल असे नाही. भाचीने हेच आम्हाला ऐकवले. मग आम्ही तिला शरबत गुलाची हकीकत सांगितली. 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी या अफगाण मुलीचा फोटो काढला. हिरव्या डोळ्यांचे ते चित्र जगभर गेले. तिला स्वतःला ते दिसले 2002 मध्ये. ती तीच आहे हे केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी कशावरून पडताळले? त्या जुन्या, साध्या फोटोतल्या बुबुळांवरून. पासवर्ड बदलता येतो, बुबुळ नाही. आणि अम्मींना कोणी विचारले होते का?

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग तिने फोटो पुसला आणि जिम्प उघडले. फुकट मिळणारे हे चित्रांचे सॉफ्टवेअर आहे. म्हणाली, "खाला, मग बघूनच काढते."

बघून काढायला लागल्यावर गंमत कळली. आम्ही चाळीस वर्षे ते डोळे बघत आलो, पण दिसले त्या दुपारी. पांढरा भाग पांढरा नसतोच. किंचित पिवळसर, कोपऱ्यात लालसर. तपकिरीत बाहुलीभोवती मधाची झाक, तिथून कडेकडे धावणारे बारीक तंतू आणि कडेला म्हातारपणी येणारे राखट वर्तुळ. तंतू हाताने, एकेक. दोन एकसारखे आले की डोळा खोटा वाटतो. उजेडाचा ठिपका मात्र चित्रात काढायचा नाही. डोळा फिरला की तोही बरोबर फिरतो आणि फूल पडल्यासारखे दिसते. भाचीने आणखी एक सांगितले ते आम्हाला नवे होते: निळ्या डोळ्यात निळा रंग नसतो. रंगद्रव्य सगळ्यांचे तेच, मेलॅनिन. निळ्यात ते कमी असते आणि प्रकाश विखुरल्याने निळे दिसते. म्हणजे श्रीमंती तपकिरीचीच!

आम्ही भाषा शिकवणारे, म्हणून एक आमच्याकडून. मराठीत डोळ्यात 'बाहुली' असते, उर्दूत 'पुतली'. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते, तिच्यावरून हे नाव. अवतार आधीपासून तिथेच होता म्हणायचा.

तीन दिवसांनी डोळे अवताराला बसले. नानीला पडद्यासमोर आणले. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितले.

"डोळे माझे आहेत," त्या म्हणाल्या, "पण पापण्या कुठे गेल्या गं हिच्या?"

पापण्यांचे चित्र म्हणे वेगळे असते. भाची पुन्हा कामाला लागली.